झोळीवाल्या बाबाची भीती मुलांना कोणी शिकवली?



परिपाठात किंवा निबंधाच्या तासाला 'वंशभेद' हा विषय आला की आपली उदाहरणं ठरलेली असतात. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवलं. १९५५ साली अमेरिकेत रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला. नेल्सन मंडेला २७ वर्षं तुरुंगात होते. मुलं कान देऊन ऐकतात. मागच्या वर्षी हे सगळं सांगून झाल्यावर माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, बरं झालं ना, आपल्याकडं असे गोरे-काळे नाहीत."

ज्या मुलाने हे म्हटलं तो मधल्या सुट्टीत बाकावरच्या जोडीदाराला "ए काळ्या" म्हणूनच हाक मारतो. पण ते असो. मी "हो, बस खाली" म्हटलं आणि पुढचा धडा काढला. संध्याकाळी घरी भाकरी टाकताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण मी धुळे जिल्ह्यात नोकरी करते. याच जिल्ह्यात राईनपाडा आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातून आणि त्या सीमाभागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, आणि मुलं पळवणारी टोळी आली असा गलका झाला. बाजाराचा दिवस, माणसांना तोटा नाही. पाचही जणांना ओढत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे ते मरेपर्यंत मारलं. काही जण मारत होते, काही जण मोबाईलवर शूटिंग करत होते. त्या पाच जणांनी कोणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचा मुलूख. पाऊस नाही आला तर तिथे काही नाही. तिथून चारशेच्या आसपास किलोमीटर लांब, आपल्या खान्देशात, ही माणसं झोळी घेऊन का आली होती हा प्रश्न त्या दिवशी कोणालाच पडला नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला बरीच वर्षं लागली.

राईनपाड्याच्या आठ-दहा दिवस आधी माझ्या वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज मी स्वतः टाकला होता. मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात फिरत आहे, मुलांना एकटं सोडू नका, अशा अर्थाचा. मला तो दुसऱ्या एका शिक्षक ग्रुपवर आला होता. शाळा उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. पहिलीत नवीन मुलं होती, काही वस्तीवरून एकटी चालत यायची. मला खरंच काळजी वाटली. मी मेसेजच्या वर एक ओळ जोडली, 'सर्व पालकांनी दक्षता घ्यावी', आणि दिला पुढे पाठवून. ग्रुपवर पंचवीस-तीस अंगठे आले. एका पालकाने तर लिहिलं, 'मॅडमनी सांगितलं म्हणजे खरंच असेल.'

राईनपाडा माझ्या मेसेजमुळे घडलं असं मी म्हणत नाही. माझ्या ग्रुपमधला कोणी त्या बाजारात नव्हता. पण तोच मेसेज, तसेच अंगठे, तशीच एखाद्या सरांची किंवा मॅडमची ओळ, अशा शेकडो ग्रुपवर त्या महिन्यात फिरत होती. शाळेतल्या माणसाने पाठवलं की अफवेला शाळेचा शिक्का बसतो.

त्या दिवसांत एक व्हिडिओही फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात, असा. तो मुळात पाकिस्तानात, कराचीत, मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करण्यासाठी तयार केलेला होता. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा भारतभर फिरला. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध निकाल दिला आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी नेमायला सांगितलं. हे सगळं आवश्यकच होतं. पण मला एक गोष्ट खटकत राहिली.

मी पुढे पाठवलेल्या त्या मेसेजमध्ये 'गोसावी' हा शब्द नव्हता. 'झोळी' नव्हती, 'भगवा' नव्हता. फक्त 'टोळी' होती. मग बाजारातल्या लोकांना ती टोळी नेमकी याच पाच जणांत कशी दिसली? त्याच बाजारात परगावचे व्यापारी असतील, कापडवाले, भांडीवाले असतील. त्यांच्यातलाही कोणी एखाद्या लेकराशी बोलला असेल. त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. मेसेजला चेहरा नव्हता. तो चेहरा आपल्या डोक्यात आधीपासून तयार होता.

चेहरा कुठून आला?

माझं माहेर जळगाव जिल्ह्यातलं. लहानपणी जेवताना मी कटकट केली की आजी म्हणायची, "जेव लवकर, नही ते झोईवाला बाबा यी नि तुले लई जाई." मी पटकन घास गिळायची. आणि गंमत बघा, तो बाबा सकाळी खरंच दारात आला की हीच आजी सुपातून दाणे घेऊन बाहेर जायची, त्याच्या झोळीत घालायची, वर हात जोडायची. त्याच्या तोंडून घराण्याची भरभराट व्हावी असे शब्द ऐकून तिला बरं वाटायचं. मी मात्र दाराआड लपलेली. आजीला त्याच्याविषयी श्रद्धा मिळाली होती, मला तिच्याकडून फक्त भीती मिळाली. आता गावात दाणे घालणाऱ्या आज्या कमी झाल्या. भीती तेवढी राहिली.

खान्देशात असं एकही घर नसेल जिथे हे वाक्य बोललं गेलं नाही. कुठे बाबा, कुठे पोतराज, कुठे 'पालवाली बाई'. बालवाडीतसुद्धा रडणाऱ्या मुलाला गप्प करायला हेच वाक्य वापरतात, मी कानांनी ऐकलं आहे. कोणाचाही वाईट हेतू नसतो. मूल गप्प बसतं, काम होतं.

वॉल्टर लिपमन नावाच्या अमेरिकन पत्रकाराने १९२२ सालच्या आपल्या पुस्तकात अशा डोक्यातल्या चित्राला 'स्टिरिओटाइप' हा शब्द वापरला. शब्द छापखान्यातला. अक्षरांचा एक साचा ओतून घेतला की त्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येतात, दर वेळी नव्याने जुळणी करावी लागत नाही. डोक्याचंही तसंच. साचा तयार असला की समोरच्या माणसाकडे बघायचे कष्ट वाचतात. डी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राच्या पेपरात पूर्वग्रहाची व्याख्या होती. मी ती पाठ केली, परीक्षेत लिहिली, मार्कही पडले. पण जेवताना आजीने दाखवलेली भीती म्हणजेच तो पूर्वग्रह, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

आता कोणी म्हणेल, ताई, हा जातीचा किंवा भटक्यांचा प्रश्न झाला, वंशाचा कुठे झाला? पुस्तकी अर्थाने बरोबर आहे. पण जन्मावरून माणसाचा स्वभाव ठरवायचा, ही वंशभेदाची मूळ खोड आहे. आणि आपल्याकडे तर ती कायद्यात लिहिलेली होती.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. साहेबाचा हिशोब सोपा होता. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, मग चोराचा मुलगा चोरच. हा कायदा आधी उत्तर भारतात होता, १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लावता आला. यादीत जमातीचं नाव आलं की त्या जमातीत जन्मलेलं मूल गुन्हेगार म्हणूनच नोंदलं जायचं. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापूरला अशा लोकांना काटेरी तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्या भागाला आजही लोक 'सेटलमेंट' म्हणतात.

या कायद्यातली एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार लागली. १८९७ साली त्यात दुरुस्ती झाली आणि चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आई-बापांपासून वेगळं काढून सुधारगृहात ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. चार वर्षं म्हणजे आपल्या अंगणवाडीतलं मूल. म्हणजे ज्या लोकांना आपण मुलं पळवणारे म्हणतो, त्यांच्यासारख्या लोकांचीच मुलं कायद्याने उचलता येत होती!

३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती यादीतून मुक्त झाल्या, म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणायचं. पण सात वर्षांत, १९५९ मध्ये, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नजर पुन्हा त्याच वस्त्यांवर राहिली. परवा-परवा, ३ ऑक्टोबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगांच्या नियमावलीत 'सराईत गुन्हेगार' या शब्दाआडून विमुक्तांना वेगळी वागणूक देता येणार नाही. म्हणजे ७२ वर्षांनंतरही साचा मोडलेला नव्हता. डवरी गोसावी हे शासनाच्या यादीत भटक्यांमध्ये येतात, विमुक्तांमध्ये नाही. पण बाजारातल्या माणसाला हा फरक कुठे माहीत? पालात राहतो, बोली वेगळी, कपडे वेगळे, कोणाचा कोण ठाऊक नाही, एवढं पुरतं.

पालावरचा दिवस

४ जुलै २०१५ आठवतो का? त्या दिवशी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची होती. माझ्याकडे गावाबाहेरच्या नाल्याजवळची पालं होती. मी आणि अंगणवाडीताई, हातात फॉर्मचा गठ्ठा, शाईची बाटली.

आम्हाला लांबून बघताच तिथल्या बायकांनी मुलांना आत ओढलं. आधी मला वाटलं, अनोळखी म्हणून लाजत असतील. एक म्हातारी पुढे येऊन उभी राहिली. मी विचारलं, "आजी, तुमच्याकडं सहा ते चौदा वयाची मुलं किती?" ती म्हणाली, "नाहीत." पालाच्या फटीतून तीन जोड्या डोळे दिसत होते. मी म्हटलं, "ती बघा की." तर ती म्हणाली, "शाई कशाला लावता? कुठं नेणार पोरांना?"

मी हसले. खरं सांगते, हसले. बाहेर आल्यावर ताईला म्हटलंसुद्धा, "बाई, किती अडाणी लोक." राईनपाड्यानंतर, १८९७ ची ती दुरुस्ती वाचल्यावर, मला त्या म्हातारीचं तोंड आठवलं. तिच्या दृष्टीने मुलं न्यायला आलेली माणसं आम्ही होतो. तिच्याकडे निदान घाबरायला कारण होतं.

आणि एक प्रसंग आहे. तो लिहू का नको, असं दोनदा झालं.

माझ्या वर्गात एक पारधी समाजाचा मुलगा होता. हुशार नव्हता, ढही नव्हता, चित्रं छान काढायचा. सहलीचे जमा केलेले दोनशे रुपये एकदा टेबलाच्या खणातून गायब झाले. मी सगळ्या वर्गाला उभं केलं. मग पहिल्यांदा त्याचं दप्तर मागवलं. दुसऱ्यांची नंतर बघणार होते, पण पहिलं त्याचं. का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. दप्तरात काही सापडलं नाही. शाळा सुटताना पैसे माझ्याच हजेरीपत्रकात निघाले. मीच ठेवले होते. मी वर्गाला म्हटलं, "सापडले बरं का", आणि विषय संपला. त्याला वेगळं काही बोलले नाही. त्याला वाईट वाटलं असेल हेसुद्धा त्या दिवशी माझ्या मनात आलं नाही.

पंधरा दिवसांनी एका मुलीची स्टीलची पट्टी हरवली. ती रडत माझ्याकडे आली. मी अजून काही म्हटलंही नव्हतं. तो मुलगा आपल्या जागेवरून उठला, पुढे आला आणि त्याने आपलं दप्तर माझ्या टेबलावर उलटं केलं. वह्या, दोन खडू, अर्धी भाकरी. आणि उभा राहिला. रडला नाही, बोलला नाही. बाकी मुलं आपापल्या जागेवर बसून होती. त्यांनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. पट्टी बाकाखाली होती.

पूर्वग्रहाचा समाजावर काय परिणाम होतो असा प्रश्न आपण मुलांना पाच गुणांसाठी विचारतो. मला त्याचं उत्तर त्या टेबलावर दिसलं. त्या मुलाला स्वतःबद्दल काय वाटू लागलं ते आहेच. पण उरलेल्या एकतीस मुलांनीही त्या दिवशी धडा घेतला, की वस्तू हरवली की पहिलं दप्तर कोणाचं उघडायचं. हा धडा पुस्तकात नव्हता. मी शिकवला.

एरवी गावातल्या मोठ्या घरचा मुलगा पेन चोरतो तेव्हा आपण काय म्हणतो? "वय आहे, समजावून सांगा." चोर तो एकटा मुलगा असतो. त्याच्या जातीची बैठक आपण बोलावत नाही.

दुसरी बाजूही बघायला हवी

राईनपाड्याची बातमी आल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सर म्हणाले, "आदिवासी भाग तो. तिथं असंच चालायचं." सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली असेन.

म्हणजे बघा कसं झालं. अनोळखी झोळीवाले दिसले म्हणून जमावाने त्यांना एका साच्यात घातलं. आणि आम्ही, शिकलेली माणसं, त्या जमावाला दुसऱ्या साच्यात घालून मोकळे झालो. मारणाऱ्यांचा गुन्हा भयंकरच, त्यांना कायद्याने शिक्षा व्हायलाच हवी, त्यात शंका नाही. पण 'आदिवासी म्हणून' हे कारण झालं का? सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला आणि मुलं पळवणारे समजून त्यांना लोकांनी काठ्या-पट्ट्यांनी झोडपलं. तिथे कुठला आदिवासी भाग होता? आणि शहरात तरी काय, पोलीस व्हॅन वेळेवर पोहोचते एवढाच फरक असतो कधी कधी.

आपल्या खान्देशातल्या भिल्लांची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असायला हवी. १८१८ नंतर इंग्रजी राज्य आलं. घाटवाटा राखायचे, त्याबद्दल गावांकडून हक्क घ्यायचे, ही भिल्लांची जुनी व्यवस्था मोडली, आणि सरकारी कागदांत ते लुटारू ठरले. पुढे १८२५ साली जेम्स आउट्रमने त्याच भिल्लांची पलटण उभी केली, धरणगावला तिचा तळ होता. तीच माणसं, तेच डोंगर, पण आता बंदोबस्ताला. सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक १८५७ ला इंग्रजांविरुद्ध उठला तर पुन्हा लुटारू. रक्तात चोरी असती तर ती सरकारच्या सोयीने येत-जात राहिली नसती. माझ्या वर्गात निम्मी मुलं भिल्ल आहेत. त्यांना हा इतिहास आपल्या आजोबांचा म्हणून कोणी सांगत नाही. आणि ज्याला स्वतःला रोज संशयाने बघितलं जातं, तोही आपल्यापेक्षा दुबळा दिसला की त्याच्याकडे तसंच बघतो. हे मला फार अवघड वाटतं. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

त्याच रविवारी रात्री शेजारच्या मालेगावातही अशीच गर्दी जमली होती. पाच जण तिच्या तावडीत सापडले, त्यांत दोन वर्षांचं एक मूलही होतं. मूल पळवणाऱ्यांकडे मूल दिसणारच, असं गर्दीला वाटलं असेल! तिथे मात्र काही स्थानिक माणसांनी त्यांना आसरा दिला, पोलीस पोहोचले आणि पाचही जण वाचले. आपण वर्गात राईनपाडा सांगू तेव्हा मालेगावही सांगितलं पाहिजे. गर्दीत एक-दोन माणसांनी दार उघडलं तर काय होतं, ते मुलांना कळलं पाहिजे.

वर्गात काय करता येईल

अमेरिकेत जेन इलियट नावाच्या शिक्षिका होत्या, तिसरीच्या वर्गाला शिकवायच्या. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी वर्गाचे दोन गट केले. निळ्या डोळ्यांची मुलं श्रेष्ठ, तपकिरी डोळ्यांची कमी. श्रेष्ठांना जास्त सुट्टी, इतरांच्या गळ्यात ओळखीचा पट्टा. मग नंतर गट उलटे केले. काही तासांत मुलं एकमेकांशी तशीच वागायला लागली. हा प्रयोग पुष्कळ प्रशिक्षणांत सांगतात आणि काही उत्साही शिक्षक तो करूनही बघतात. माझं मत विचाराल तर करू नका. आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या गळ्यात तसा पट्टा आधीच आहे. त्यांना तो अनुभव देण्यासाठी प्रयोग कशाला हवा? आणि जी मुलं एक दिवस खोटा पट्टा घालतील ती दुसऱ्या दिवशी काढून ठेवतील.

मी काय करते ते सांगते, मोठं काही नाही. 'बाबा घेऊन जाईल' हे वाक्य मी बंद केलं, आणि पहिल्या पालकसभेत पालकांनाही सांगते. सुरुवातीला हसतात. मुलांना सुरक्षितता शिकवायचीच आहे, पण ती माणूस कसा दिसतो यावरून नाही, तो काय करतो यावरून. कोणी गुपित ठेवायला सांगतो का? नको तिथे हात लावतो का? घरी न सांगता चल म्हणतो का? तर ओरडायचं, पळायचं, मोठ्यांना सांगायचं. असं करणारा काका असला, शेजारी असला, अगदी शाळेतला माणूस असला तरी. १०९८ हा नंबर आमच्या वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात बहुतेक वेळा आरोपी ओळखीचाच असतो, हे दरवर्षीच्या सरकारी आकडेवारीत दिसतं. आपण मुलांना झोळीकडे बघायला लावतो आणि धोका दुसऱ्या दाराने येतो.

हरवलेल्या वस्तूंसाठी वर्गात एक खोकं ठेवलं आहे. ज्याला सापडेल त्याने त्यात टाकायचं. दप्तर कोणाचंच तपासत नाही.

बहुरूपी, वासुदेव, डवरी गावात आला की त्याला शाळेत बोलावते. डवर वाजवून दाखवायला सांगते, मुलं हात लावून बघतात. मुख्याध्यापकांची परवानगी लागते, कधी मिळते, कधी "अभ्यासक्रम पूर्ण झाला का?" असं ऐकावं लागतं.

मागच्या जून महिन्यात आमच्या ग्रुपवर पुन्हा मेसेज आला. या वेळी एका पालकाने टाकला होता. गावाबाहेर पालं पडली आहेत, मुलं सांभाळा, म्हणून. खाली फोटो. मी अंगठा दिला नाही, पण लगेच उत्तरही लिहिलं नाही. शाळा सुटल्यावर तिकडे गेले. विळे-कुऱ्हाडी करणारे घिसाडी होते. भाता चालू होता. दोन बहिणी, एक नऊ वर्षांची, एक सात. कधी शाळेत गेल्या होत्या, कधी नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी नाव घातलं. रात्री ग्रुपवर लिहिलं, 'पालावर जाऊन आले. ते घिसाडी आहेत, विळ्यांना धार लावून देतात. त्यांच्या दोन मुली उद्यापासून आपल्या शाळेत बसतील.' एका पालकाने ग्रुप सोडला. बाकी कोणी काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मात्र विळे नेऊन धार लावून घेतली, असं नंतर कळलं.

मुली अठरा दिवस आल्या. मोठीला पाढे तोंडपाठ होते, लिहिता येत नव्हतं. मग एके दिवशी सकाळी नाल्याजवळ फक्त राख होती. आदल्या दिवशीच शिक्षण हमी कार्ड भरून त्यांच्या आईच्या हातात दिलं होतं, मागे माझा मोबाईल नंबर लिहून. पुढच्या गावच्या सरांचा किंवा मॅडमचा फोन येईल म्हणून वाट बघते आहे. अजून आलेला नाही. तुमच्यापैकी कोणाच्या शाळेत त्या दोघी आल्या असतील तर कृपया कळवा.